अप्पांच्या आवाजामागे गाणं कुणी टाकलं?

▶ सुरू

"अगं, पुन्हा दाब ना!"

"दाबलं! चांगलं दहा वेळा दाबलं!"

"मग टॅब उलटा धरला असशील."

"रोहित, टॅब उलटा धरला म्हणून म्हैस पळून जात नाही!"

पण म्हैस गेली होती खरी. शीतलच्या हातातल्या टॅबवर काळा पडदा होता आणि त्यावर एकच ओळ होती: *कॉपीराइटच्या दाव्यामुळे हा व्हिडिओ काढण्यात आला आहे.*

खाटेवर बसलेले अप्पा डाव्या हाताच्या बोटानं त्या ओळीवर टक टक करत होते. त्यांना त्यांची म्हैस हवी होती.

अप्पा म्हणजे शीतलचे आजोबा, लीलाधर मास्तर. अर्ध्या बुऱ्हाणपूरला मराठी शिकवलेले आणि उरलेल्या अर्ध्याला गोष्टी सांगितलेले. गेल्या दोन उन्हाळ्यांत शीतल, तिचा चुलतभाऊ रोहित आणि सुट्टीला देडतलाईहून येणारा मामेभाऊ मोहित या तिघांनी त्यांच्या गोष्टी मोबाइलवर टिपल्या होत्या. 'अप्पा सांगतात' नावाचं चॅनेल निघालं. बघणारे थोडे होते, पण होते.

मग जानेवारीत अप्पांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं.

व्यायाम करून घेणाऱ्या पूजाताईंना एक युक्ती सुचली. "यांना यांचेच व्हिडिओ लावून द्या. स्वतःच्या आवाजाच्या मागे मागे जाऊ द्या." तेव्हापासून रोज सकाळी चहा झाला की म्हशीची गोष्ट लागायची. टॅबमधले अप्पा घडाघडा बोलायचे आणि खाटेवरचे अप्पा त्यांच्याबरोबर ओठ हलवायचे. चार महिन्यांत ते "म्ह…" पर्यंत आले होते.

आणि आता म्हैसच नाही!

"दुसरी लाव," मोहित म्हणाला. "शाळेतल्या सापाची."

शीतलनं सापाची गोष्ट दाबली. तीच काळी ओळ.

अप्पांचं बोट थांबलं. त्यांनी शीतलकडे पाहिलं. मास्तर फळ्यावर प्रश्न लिहून वर्गाकडे बघतात ना, तसं. शीतल टॅब घेऊन गच्चीकडे पळाली.

⏸ आवाज वाढवा

"कॉपीराइट म्हणजे दुसऱ्याचं घेतलं म्हणे," रोहित गच्चीवर येरझाऱ्या घालत म्हणाला. "अप्पांनी कुणाचं काय घेतलं? म्हैस त्यांची, नदी आपली!"

"थांब. जे चालू आहेत त्यातला एक नीट ऐकू दे," असं म्हणून शीतलनं इअरफोन कानात खोचले. डोळे मिटले. आणि टक्कन उघडले!

"व्हायोलिन आहे!"

"कुठे?"

"अप्पांच्या मागे! कुणीतरी सिनेमाचं गाणं लावलंय, अगदी बारीक!"

मोहितनं एक इअरफोन हिसकावला. "अबे हो यार! हे तर लग्नात वाजतं. बिदाईच्या टाइमला!"

"मी शूट केलं तेव्हा मागे शेजारचे कापडाचे लूम वाजत होते, व्हायोलिन नव्हतं," शीतल म्हणाली. त्यांनी एकेक व्हिडिओ ऐकला. बासरी. सतार. पुन्हा व्हायोलिन. मधेच ढोल. परीक्षेच्या दिवसांत अप्पांना टॅब आईच लावून द्यायची, तिघांनी चॅनेल उघडलंच नव्हतं, आणि तेवढ्यात कुणीतरी प्रत्येक गोष्टीखाली गाणं सरकवलं होतं. टॅबचा स्पीकर फुटका, म्हणून घरात कुणाच्या कानावर आलं नव्हतं.

"दुश्मन!" रोहित म्हणाला. "नक्की कुणीतरी हॅक केलंय. पप्पांचा पासवर्ड दुकानातल्या कॉम्प्युटरवर चिकटवलेला आहे. येणारा-जाणारा कुणीही वाचेल!"

रोहितचे पप्पा म्हणजे योगेंद्रकाका, अप्पांचा धाकटा मुलगा. इतवारा बाजारात त्यांचं दुकान. लग्नाचं शूटिंग करायचे. चॅनेल त्यांच्याच नावावर होतं, कारण मुलांचं वय बसत नव्हतं. मुलं मोबाइलचं मेमरी कार्ड नेऊन द्यायची, काका व्हिडिओ चढवायचे आणि कार्ड पुसून पुढच्या लग्नाला पळायचे.

तिघं दुकानात गेले तेव्हा काका दोन कॅमेरे गळ्यात अडकवून तिसरा शोधत होते.

"काका, चॅनेलला काहीतरी झालंय!"

"सर्व्हर डाउन असेल."

"काका, नोटीस आलीय—"

"त्या कंपन्या रोजच मेल पाठवतात, शीतल. मी बघतच नाही! हे ट्रायपॉड धर. नको, राहू दे. आज तीन वराती आहेत, टेन्शन देऊ नका बरं!"

आणि काका गेले.

"पप्पांना सांगून उपयोग नाही," रोहित म्हणाला. "चोर आपणच पकडायचा."

⏵ सापळा

युक्ती शीतलची होती. हे नीट लक्षात ठेवा, कारण तिला ते नंतर कितीदा तरी आठवलं.

चोर प्रत्येक व्हिडिओत गाणं घालतो ना? मग त्याला एक नवा व्हिडिओ द्यायचा. ज्यात कुणी बोलतच नाही असा! रिकाम्या ताटात काय वाढलं ते लगेच दिसेल.

तिनं अप्पांना खिडकीपाशी बसवलं आणि मोबाइल धरला. अप्पांना वाटलं, नेहमीसारखी गोष्ट सांगायची आहे. त्यांनी टोपी नीट केली. डावा हात वर केला. ओठ उघडले.

"म्ह…"

मग काहीच नाही. ओठ हलत राहिले. शीतलनं तरीही शूटिंग पूर्ण केलं.

कार्ड काकांना दिलं. "काका, जसा आहे तसाच चढवा हं!"

"बरं बरं!"

समोरच्या उसाच्या रसाच्या गाड्याआड तिघं दबा धरून बसले. दुकानाचं काचेचं दार तिथून स्वच्छ दिसायचं.

"तो बघ, लाल शर्ट! कॉम्प्युटरकडे चालला!"

"अबे, तो पंख्याखाली उभा राहून राहिला फक्त."

"ती बाई?"

"ती माझी मावशी आहे!" रोहित म्हणाला.

"मावशी चोर नसते का?"

"मोहित, तू रस पी आणि गप बस!"

लाल शर्ट गेला. मावशी गेली. मग काका आत आले, कॉम्प्युटरसमोर बसले आणि त्यांनी कानांवर मोठाले हेडफोन चढवले. अप्पांचा चेहरा पडद्यावर आला. काकांनी डोळे पुसले. माउस सरकवला. हलकेच मान डोलावली.

रोहितच्या हातातला ग्लास तसाच राहिला. "पप्पा?"

तिघं धावले. दार ढकललं. काकांनी वळून पाहिलं, आणि चेहरा कसा, तर वाढदिवसाचा केक दाखवणाऱ्यासारखा!

"आलात? बघा, चढवला! काय सुंदर झालाय!"

पडद्यावर अप्पांचे थरथरणारे ओठ संथ गतीनं हलत होते. चारी बाजूंनी गुलाबी धुकं. आणि मागे दुकान भरून व्हायोलिन.

"काका, तुम्ही? सगळ्यांत तुम्हीच गाणी घातलीत?"

"मग काय! किती कोरडे वाटत होते बिचारे! बाबांना सरप्राइज द्यायचं होतं. जुने काढून टाकले, सजवलेले टाकले. लग्नात नवरी नुसती चालली तर कोण बघेल? मागे गाणं लागतं तेव्हा माणसं रडतात."

"पण गाणं आपलं नाही!"

"अगं, तीस सेकंदांपेक्षा कमी घेतलं की चालतं."

"कुणी सांगितलं?"

"सगळे सांगतात. शिवाय खाली लिहिलंय, 'गाण्याचे सर्व हक्क मूळ मालकाचे.' शिवाय मी थोडी स्पीड वाढवतो, मशीनला ओळखू येत नाही. शिवाय आपण कुठे पैसे कमावतो?"

"काका," शीतल म्हणाली, "मेल उघडा."

काकांनी उघडली. न वाचलेल्या मेलचा ढीग होता. त्यात लग्नाच्या आमंत्रणांखाली, सेलच्या जाहिरातींखाली, ओळीनं दोन नोटिसा पडल्या होत्या. *हा पहिला इशारा आहे. हा दुसरा इशारा आहे. तिसऱ्या इशाऱ्यानंतर चॅनेल बंद करण्यात येईल.*

"नवा व्हिडिओ काढा! आत्ताच्या आत्ता!" शीतल किंचाळली.

काकांनी माउस धरला. बोट घसरलं. पुन्हा धरला. पडद्यावर चाक फिरू लागलं. फिरत राहिलं…

"निकल, निकल, निकल," मोहित पुटपुटत होता.

व्हिडिओ निघाला! तिघांनी टाळ्या पिटल्या. काकांनी कपाळ पुसलं.

टिंग.

नवी मेल आली होती. याच व्हिडिओबद्दल, तो निघायच्या आधीच पाठवलेली, नंतर पोहोचलेली. तिसरी.

◼ हा भाग उपलब्ध नाही

इथे म्हशीची गोष्ट यायची होती. अप्पांनी सांगितलेली, जशीच्या तशी, त्यांच्या खोकल्यासकट.

ती आता कुठेच नाही. कार्डं लग्नांसाठी पुसलेली, दुकानातला कॉम्प्युटरही लग्नांसाठीच रिकामा केलेला. मोबाइल भरला म्हणून मुलांनीही मागचं सगळं काढून टाकलेलं. चॅनेलच्या जागी एक करडा चौकोन.

↻ पुन्हा प्रयत्न करा

काकांनी चॅनेल परत मागायचा अर्ज उघडला. त्यात एक रकाना होता: *या गाण्याचे हक्क माझ्याकडे आहेत.* काकांचा माउस त्या चौकटीवर गेला.

"आहेत का?" शीतलनं विचारलं.

काकांनी माउस मागे घेतला.

मग त्यांनी खरं तेच लिहिलं. साइटला लिहिलं, गाण्याच्या कंपनीलाही लिहिलं. शेवटची दोन वाक्यं शीतलची होती: *गाणं आमचं नाही, चूक झाली. पण आवाज आमचा आहे, तेवढा परत द्या.*

उत्तर लगेच आलं. इतकं लगेच, की तिचं पत्र कुणी वाचणं शक्यच नव्हतं. *आपल्या संदेशाबद्दल धन्यवाद.*

त्यांनी पुन्हा लिहिलं. *आपल्या संदेशाबद्दल धन्यवाद.* रोहितनं हिंदीत लिहिलं. मोहितनं सगळी अक्षरं मोठी करून इंग्रजीत लिहिलं. *आपल्या संदेशाबद्दल धन्यवाद.* काकांनी फोन लावला. एका बाईनं एक दाबा, दोन दाबा सांगितलं आणि मग वाट बघताना ऐकायला म्हणून एक गाणं लावून दिलं. काकांनी फोन टेबलावर ठेवला आणि ते गाणं वाजत राहिलं.

संध्याकाळी रोहित एकटाच राजघाटावर जाऊन बसला. शीतल आणि मोहित त्याला शोधत आले.

"माझ्या पप्पांनी केलं," तो तापीत खडे टाकत म्हणाला.

"सापळा माझा होता," शीतल म्हणाली. "तो नसता लावला तर तिसरी नोटीस आली नसती."

"आणि मी रस पिऊन राहिलो होतो," मोहित म्हणाला.

कुणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी अप्पांचे जुने सहकारी भाईदास सर मावा जिलेबीचा पुडा घेऊन आले. "शाबास रे पोरांनो! ऐकलं मी सगळं! चोर शोधून काढलात म्हणे! पोलिसांनाही इतक्या लवकर जमलं नसतं!"

शेजारच्या कोकिळाकाकूंनीही पाठ थोपटली. "फार हुशार हो मुलं!" आईनं सगळ्यांना जिलेबी वाढली. काका दारातल्या पायरीवर बसले होते, आत येत नव्हते. शीतलनं जिलेबी उचलली आणि पुन्हा ताटलीत ठेवली. आत खाटेवर अप्पा करड्या चौकोनावर बोटानं टक टक करत होते.

🔊 आवाज

शेवटी तिनं ताटली ठेवली आणि ती अप्पांपाशी गेली. टॅब हळूच काढून घेतला.

"अप्पा, आज मी सांगते. जमेल तशी."

रोहित आणि मोहितही खाटेच्या कडेला टेकले. शेजारी लूम खटखटत होते.

"एकदा काय झालं," शीतलनं सुरुवात केली, "तापीला पूर आला होता. आणि शाळा पलीकडच्या काठाला…"

"अलीकडच्या," रोहित म्हणाला.

"पलीकडच्या! मग अप्पांनी म्हशीच्या शिंगांना दप्तरं बांधली…"

"आधी शेपटी धरली ना!"

"अरे, तू सांगतो आहेस की मी?"

"तू चुकवून राहिली, म्हणून बोललो!" मोहित म्हणाला.

"बरं. तर म्हैस होती काळी कुळकुळीत. आणि तिचं नाव होतं, काय बरं, चंद्री—"

धप्प!

अप्पांचा डावा हात खाटेवर आपटला होता. भुवया वर गेल्या होत्या. पायरीवर बसलेल्या काकांनीही दचकून पाहिलं. त्यांच्या लहानपणी अप्पांनी शाळेत तसा हात आपटला की अख्खा वर्ग गप्प व्हायचा.

"च…" अप्पा म्हणाले.

शीतल पुढे सरकली.

"चू… क."

"चूक बोले!" मोहित ओरडला. "सुना क्या? चूक बोले!"

"काय चुकलं, अप्पा?" शीतलनं त्यांचा हात धरला. "पूर? शाळा? नाव? नाव चुकलं?"

अप्पांनी 'हो' अशी मान हलवली. कपाळावर घाम आला. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले.

"भु… री."

"भुरी! म्हशीचं नाव भुरी!"

तेवढंच. पुढे शब्द आला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. चॅनेल परत आलं नाही, सापाची गोष्ट परत आली नाही, आणि पुढचं सगळं अप्पांच्या तोंडून कधी येईल हे पूजाताईंनाही सांगता येत नव्हतं. पण तिसऱ्या सकाळी शीतलनं मुद्दामच सांगितलं, की भुरीला तीन शिंगं होती. आणि खाटेवर हात आपटला.

काका दारात उभे होते. हातात लहान कॅमेरा होता, पण तो त्यांनी उचलला नव्हता.

"टिपू का?" त्यांनी विचारलं. "आणि या वेळी दोन ठिकाणी ठेवीन. कार्ड पुसणार नाही."

शीतलनं अप्पांकडे पाहिलं. अप्पांनी टोपी नीट केली.

"टिपा," ती म्हणाली. "मागे काय लावणार?"

"काही नाही."

काकांनी कॅमेरा सुरू केला. "चूक," अप्पा म्हणाले, आणि त्यांच्या शब्दामागे शेजारचे लूम खटखटत राहिले.