मरायचा मान

‘इन्स्पेक्टर खडक’च्या सहाव्या भागाला मी पाचपैकी पाच तारे दिले.

असं काही झालेलं नाही. ज्यांनी ते स्टेटस बघितलं, त्यांनी कृपया विसरून जावं. मी आजवर कुठल्याही सिनेमासाठी तीनच्या वर गेलेली नाही, आणि ते तीनसुद्धा एकदा बोट घसरल्यामुळे दिले गेले होते.

मी मयूरी. राहणार इस्लामपूर, नोकरी सांगलीत, चष्म्याच्या दुकानात. दिवसभर लोकांना “हे स्पष्ट दिसतंय की मघाचं?” असं विचारते, आणि सिनेमा बघून मला स्वतःला काय दिसलं ते व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर लिहिते. दोनशे बारा माणसं ते वाचतात. त्यातली निम्मी आमची गिऱ्हाइकं, त्यामुळे त्यांना ते वाचता येतं याचं श्रेयही माझंच.

खडक तुम्हाला माहीत असेल. नसला तरी बिघडत नाही. एक भाग बघितला की बाकीचे आपोआप बघून होतात. पहिला ‘खडक’. दुसरा ‘खडक परतला’. तिसरा ‘खडक पुन्हा परतला’. चौथा ‘खडक गेलाच नव्हता’. पाचवा ‘खडक : सुरुवात’. प्रत्येक भागात गुंड येऊन तेच गाव पेटवतात, मग धुरातून खडक सावकाश चालत येतो. गाव जळत असताना इतका निवांत चालणारा पोलीस मी दुसरा बघितला नाही. मग जीप हवेत उडते, आणि शेवटी कळतं की हा खलनायक मागच्या खलनायकाचा भाऊ होता. त्या माउलीला एकूण मुलं किती, हे आता जनगणनेवाल्यांनाच विचारायला हवं.

तर पाचवा भाग मी आणि दुकानातली पल्लवी सांगलीत दुपारच्या खेळाला बघत होतो.

“आता बघ,” मी पल्लवीला म्हणाले, “तो निळ्या सदऱ्यातला. पहिला तोच पडणार. प्रत्येक भागात हाच पडतो. आणि पडायच्या आधी हळूच खाली जागा बघतो.”

पडद्यावर गोळी सुटली. निळ्या सदऱ्यानं छाती धरली, हळूच खाली बघितलं, आणि तो पडला.

आमच्या पुढच्या रांगेतलं एक डोकं मागं वळलं.

“दगड हाय तितं,” ते डोकं म्हणालं. “बघितल्याबिगर कोण पडंल?”

पडद्याच्या उजेडात मला आधी दोन डोळे दिसले... शांत, जरा दुखावलेले. मग नाक. मग निळा सदरा. तोच सदरा!

“तुम्ही... आत्ता मेलात ना?”

“व्हय. दर साली मरतो. बघा पुढं, जीप उडतीया.”

मध्यंतरात त्यानं आम्हा दोघींसाठी सामोसे आणले. कागद पुढं करताना त्याची बोटं दिसली. नखांपर्यंत पिवळी. वाईकडचा होता, सांगलीच्या बाजारात हळद घेऊन आला होता. नाव शिवतेज. खडकचं जे गाव दर वेळी जळतं, ते याचं गाव.

“तुमच्या गावात दुसरं कुणी मरत नाही का?” मी विचारलं.

तो ताठ झाला. “मरायचा मान आमच्या घराचा हाय.”

“कसला?”

“मान. जत्रंत पालखीचा पयला खांदा कुणाचा, होळीत पयला नारळ कुणाचा, ठरल्यालं असतंय का न्हाई? तसंच. पयल्या भागाला सिनेमावाल्यांनी इचारलं, आधी कोण पडणार? ग्रामसभा बसली. माझा पणजा फौजंत, आजा फौजंत, दादा, म्हंजी माझं वडील, सुभेदार म्हणून सुटल्यालं. दादा उठून म्हणालं, पयली गोळी खायची तर आमच्या घरानं. ठराव झाला. लेखी हाय.”

“आणि जळायचा मान?”

“तो खालच्या आळीचा. त्यांची कडब्याची गंज जळती.”

“पळायचा?”

“पळायला कसला मान?” त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जसं मीच पळून आले होते. “पळायला काय, कोणबी पळतंय.”

मी हसणार होते. तोंड तयार होतं. पण तो ज्या रुबाबात सामोसा धरून उभा होता, तो बघून मला उगाचच वाटलं की आपणही पाठ जरा सरळ करावी.

संध्याकाळी स्टेटस टाकलं : ‘दोन तारे. एक जीपला. एक पहिल्या मयताला, डोकं ठिकाणावर ठेवून पडल्याबद्दल.’

पल्लवीनं माझा नंबर त्याला दिला होता आणि त्याचा माझ्या फोनमध्ये घातला होता, तोही मला न विचारता. पाच मिनिटांत निरोप आला : ‘मयताकडून आभार.’

त्यानंतर हळद संपली तरी तो सांगलीला येत राहिला. दीडशे किलोमीटर, मोटारसायकलवरून. डोळे तपासायला.

“खालची ओळ वाचा.”

त्यानं घडाघडा वाचली. त्याखाली छापखान्याचं नाव होतं, तेही वाचलं. मी दोन्ही डोळे उत्तम असल्याचं लिहून दिलं. पंधरा दिवसांनी तो परत आला. म्हणाला, कागद हरवला. तिसऱ्या वेळी म्हणाला, कागद हाय, पण अक्षर लागत न्हाई.

“शिवतेज, तुम्हाला चष्मा लागणार नाही.”

“मग यायला काय लागंल?”

मी भिंग पुसत बसले. स्वच्छच होतं ते... तरी पुसलं.

जानेवारीत त्याचा फोन आला. आवाज बदललेला.

“मयूरी मॅडम, मला वाक्य मिळालं.”

सहावा भाग. ‘खडक : शेवट, भाग एक’. पाच भाग नुसतं मरून काढल्यावर त्या घराला पहिल्यांदा तोंड मिळालं होतं. मी दुकानातून सुट्टी घेतली आणि शूटिंग बघायला गेले.

तिथं पाऊस पडत होता. टँकरचा. वरून पाइपनं सोडलेला, पंधरा फूट रुंद आणि पलीकडं कडकडीत ऊन. त्या पंधरा फुटांत शिवतेज सात वेळा ओरडला आणि सात वेळा मेला. पंप, जनरेटर आणि पंख्याच्या घरघरीत मला त्याचं एक अक्षर ऐकू आलं नाही. नुसता गळा ताणलेला दिसला. दुसरा टँकर यायचा होता तेव्हा तो माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. केसांतून पाणी निथळत होतं. एक थेंब माझ्या मनगटावर पडला. मी तो पुसला नाही.

“तुमाला एक इचारायचं हाय,” तो म्हणाला.

“विचारा.”

“आता न्हाई. आधी वाक्य पडद्यावर ऐका. मग तुमचं मत सांगा, खरं. जमलं आसंल तर इचारीन.”

“आणि नसलं तर?”

“तर कुठल्या तोंडानं इचारू?”

“मी ओळखीवर तारे देत नाही, शिवतेज.”

“म्हणून तर...” तो म्हणाला, आणि तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, टँकर आला. तो आठव्यांदा मरायला गेला.

सिनेमा लागला तेव्हा गाव तीन टेम्पो भरून साताऱ्याला आलं. सोबत हलगी. शिवतेजच्या वडिलांनी, सयाजी सुभेदारांनी, कोटावर पदकं लावली होती. मी आणि पल्लवी सांगलीहून एसटीनं आलो. मला कुणीतरी दादांच्या शेजारची खुर्ची दिली, पलीकडं शिवतेज. तो घामेजलेला, मी घामेजलेली, आणि थेटरात एसी चालू.

गाव पेटलं. खालच्या आळीनं आपल्या गंजीसाठी शिट्ट्या मारल्या. पाऊस सुरू झाला. पडद्यावर शिवतेज चिखलातून धावत आला, खडकसमोर उभा राहिला. हलगीवाल्यानं हात वर उचलला. शिवतेजनं पडद्यावर तोंड उघडलं, आणि त्यातून आवाज आला —

“महोदय, कृपया मागे वळून पाहू नका.”

इस्त्री केलेला आवाज. असा आवाज मला बँकेतून येतो, कर्ज हवंय का म्हणून.

गोळी सुटली. तो पडला. पडद्यावर ‘मध्यंतर’ आलं, दिवे लागले. हलगीवाल्याचा हात अजून वरच होता.

“ह्यो कोण बोलला?” सयाजी सुभेदार म्हणाले.

पंपाच्या आवाजात ध्वनिमुद्रण वाया गेलं असणार, आणि मग मुंबईत बसून कुणीतरी दुसऱ्यानं ते वाक्य उरकलं असणार. याला कळवायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. मेलेल्या माणसाला कोण कळवतं?

शिवतेज उठला. माझ्यासमोर क्षणभर थांबला.

“झालं, मॅडम. त्यात माझं वाक्य न्हवतंच. तवा... इचारायचंबी ऱ्हायलं.”

“कुठं निघालात?”

“टेम्पोत बसतो.”

‘छान झालं’ म्हणणं सोपं होतं. दोन शब्द. तो थांबलाही असता. आणि मग जन्मभर ते ‘छान’ आम्हा दोघांना टोचत राहिलं असतं. मी खोटं ‘छान’ सख्ख्या मामेभावाच्या लग्नाच्या व्हिडिओलासुद्धा म्हटलेलं नाही. तो दाराकडं चालत होता, पाठ अगदी ताठ. खडकच्या दुप्पट वेगानं.

मी खुर्चीवर चढले. खुर्ची घडीची आहे हे चढल्यावर कळलं. पल्लवीनं माझा पाय धरला.

“शिवतेज! मी अजून ऐकलेलं नाही. परीक्षण असं अर्धवट ठेवता येत नाही. म्हण.”

तो वळला. मी त्याला पहिल्यांदा ‘तू’ म्हटलं होतं. ते बहुधा सगळ्या थेटरला कळलं.

“हितं?”

“इथंच.”

“समदी बघत्यात.”

“पाच भाग समद्यांनी तुला मरताना बघितलं, आणि आता बोलायला लाजतोस?”

सयाजी सुभेदार उभे राहिले. पदकं किणकिणली. “गप बसा समदी! वाक्य हाय.”

पडद्यावर सोन्याच्या दुकानाची जाहिरात चालू होती. तिच्याकडं कुणी बघेना. शिवतेजनं सदऱ्याची बाही नीट केली. एक श्वास घेतला. आणि त्या रांगांमधल्या अरुंद वाटेत उभं राहून तो बोलला —

“सायेब, मागं बघू नगा! तुमी जावा... गाव आमी राखतो!”

दुसरं वाक्य सिनेमात नव्हतंच. त्यांनी ते कापलं होतं. मला नंतर कळलं की ते लिहिलेलंही नव्हतं. सातव्या वेळेला ते त्याच्याच तोंडून निघालं होतं, पणजा, आजा आणि दादा यांच्याकडून आल्यासारखं. त्या आवाजात ऊन होतं, माती होती आणि कुणाच्या बापाला न भिण्याची रग होती. माझ्या अंगावर काटा आला. मी मत देणारी बाई आहे; काटा कधी खरा येतो ते मला कळतं.

मग त्यानं छाती धरली. खाली बघितलं, तिथं कुणाचा तरी चहा सांडला होता. अर्धं पाऊल डावीकडं सरकला. आणि पडला.

हलगी कडाडली. खालच्या आळीनंसुद्धा टाळ्या वाजवल्या, आणि खालची आळी या घरासाठी कधी टाळ्या वाजवत नाही म्हणे. दारात उभे असलेले मॅनेजर टोपी काढून उभे राहिले; त्यांना वाटलं असावं, खरंच काहीतरी झालं. सुभेदारांनी सलाम ठोकला. हात खाली यायला बराच वेळ लागला.

शिवतेज उठेना. मी त्याच्याजवळ जाऊन बसले.

“ऊठ.”

“आधी मत.” डोळे मिटलेलेच.

मी फोन काढला. एक, दोन, तीन... अंगठा थांबला. बोट घसरलं नाही. चार. पाच. फोन त्याच्या चेहऱ्यासमोर धरला.

“स्पष्ट दिसतंय का?”

त्यानं एक डोळा उघडला. बराच वेळ वाचत होता, जणू खाली छापखान्याचंही नाव आहे.

“लय स्पष्ट. मग... इचारू का आता?”

“मेलेली माणसं काही विचारत नाहीत.”

“मग तूच इचार की.”

वर हलगी वाजत होती, सामोशांचा वास सुटला होता, आणि आजूबाजूला तीन टेम्पो माणसं आपण अजिबात ऐकत नाही असं दाखवत उभी होती. मी मान आणखी खाली नेली.

“तुमच्या गावात चष्म्याचं दुकान चालेल का रे?”

“समद्यांची नजर चांगली हाय.” मग हलकेच त्याची पिवळी बोटं माझ्या बोटांत आली. “...पण मी बिघडवतो.”

दुसऱ्याच दिवशी मी पुढील अर्ज टपालानं, पोचपावतीसह पाठवला.

*प्रति,*
*मा. निर्माते, ‘इन्स्पेक्टर खडक’ (झालेले व होणारे सर्व भाग).*

*विषय : मध्यंतरापूर्वी सहा सेकंद आवाज बंद ठेवणेबाबत.*

*महोदय,*

*वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, राज्यातील सर्व चित्रपटगृहांत, दररोजच्या चारही खेळांना, सदर ठिकाणी चित्रपटाचा आवाज बंद ठेवण्यात यावा. वाक्य म्हणण्यासाठी मूळ मयत स्वतः हजर राहतील. एकाच वेळी अनेक गावी खेळ असल्यास, खेळांच्या वेळा मयताच्या मोटारसायकलच्या वेगानुसार लावून घ्याव्यात. मयतासोबत अर्जदार येतील व प्रत्येक खेळाला नव्याने मत देतील. ते मत प्रत्येक वेळी एकच असेल, याची नोंद घ्यावी. तरी राज्यातील प्रत्येक चित्रपटगृहात शेजारशेजारच्या दोन खुर्च्या, घडीच्या नसलेल्या, आमच्या नावे तहहयात राखून ठेवण्याचे आदेश व्हावेत, ही नम्र विनंती.*