आग्या, कुंभारीण आणि सुटलेला दोर

निघोज्याच्या मागच्या कड्यावर आग्या मोहोळ आणि कुंभारीण माशी पाच हातांच्या अंतरावर नांदतात, असं गावातल्या सत्तरीच्या दत्तोबांनी सांगितलं आणि आमची मोहीम ठरली. एकाच खडकावर दोन कीटकांचे दोन निराळे संसार कॅमेऱ्यात टिपायचे! वाटाडे दत्तोबा, दोर धरायला दिग्विजय, दहा वर्षांपासूनचा माझा सहकारी.

"ड्रोन नको हं. आग्या खवळतो," मी बजावलं होतं.

"शप्पथ, वर्षाली," तो म्हणाला होता.

चढणीवर मुरूम सारखा निसटत होता. दोनदा मी घसरले, दोनदा दिग्विजयनेच सावरलं. माथ्यावरून चाकणच्या कारखान्यांची छपरं उन्हात लखलखत होती. त्याने दोर कमरेभोवती घेतला आणि दुसरं टोक बांधून मी कपारीत उतरले, पाय रोवून उभी राहिले.

कुंभारीण एकटीच राबत होती. मातीचं बोराएवढं मडकं, आत एक अंडं, डंख मारून बधिर केलेल्या अळ्या, मग तोंड लिंपायचं. पिल्लू बाहेर येईल तेव्हा ती तिथं नसणार! शेजारच्या पोळ्यावर मात्र हजारो माश्या एकमेकींना बिलगून होत्या. गांधीलमाशी जवळ आली की साऱ्या पोळ्यावरून चमकती लाट सरकायची. मी भान विसरून चित्रीकरण करत होते.

अचानक घरघर ऐकू आली. ड्रोन!

तो थेट पोळ्याला धडकला. माश्या उसळल्या. "दिग्विजय, ओढ!" मी किंचाळले. दोर ढिला पडला. त्याचं वरचं टोक माझ्या डोळ्यांसमोरून खाली गेलं. वर बूट धावत दूर गेले.

"पोरी, हलू नगंस!" बाजूच्या अरुंद धारेवरून दत्तोबा रांगत आले. त्यांनी मला खडकाशी दाबलं, खांद्यावरचं घोंगडं माझ्यावर टाकलं. स्वतः उघडेच राहिले.

"बाबा, तुम्हीपण आत या!"

"गप ऱ्हा. श्वास हळू घे."

दोन तासांनी माश्या निवल्या. कॅमेरा पोळ्यापाशीच पडला होता. मी तो तिथंच सोडला. धारेवरून रांगत उतरलो, तर पायथ्याशी दिग्विजयची जीप नव्हती.

"धोका टळला," संध्याकाळी दवाखान्यात डॉक्टर दत्तोबांना तपासून म्हणाले. तेवढ्यात दिग्विजयचा फोन आला. "ड्रोन गेला, पण आग्याचं भन्नाट फुटेज मोबाईलवर मिळालंय! तुझं कुंभारणीचं झालं ना?" दत्तोबांचं त्याने नावही काढलं नाही. मी फोन बंद केला.

सुजलेल्या पापण्या कशाबशा उघडत दत्तोबांनी विचारलं, "त्यो तुजा मैतर... सुखरूप हाय न्हवं?"

"आहे, बाबा," मी म्हणाले आणि त्यांचं घोंगडं त्यांच्या अंगावर घातलं.