माग नसलेला विणकर

“हलू नकोस, योरिट! तुझी सावली पडली की ती उडते,” व्हिट्स्के पुटपुटली. मोबाइल धरून ती वाळूच्या पायवाटेवर पालथी पडली होती. समोर एक काळसर माशी वाळूतल्या इवल्या बिळांवर हवेतच थांबून शेपटी झटकत होती.

“साधी मधमाशी तर आहे,” धाकटा योरिट म्हणाला.

“मधमाशीला चार पंख असतात, शहाण्या.”

फोटो मोठा करून पाहिला, तर पंख दोनच! काळ्या पंखांत काचेसारखे पारदर्शक ठिपके होते, इवल्याशा खिडक्याच जणू. निसर्गकेंद्रातल्या हीमस्ट्राबाईंना तो पाठवताच उत्तर आलं, ‘ही वोलझ्वेवर माशी, क्वचितच दिसते. ती या बिळांत अंडी टाकते. बिळं बुजू देऊ नका.’

व्हिट्स्के ताडकन उठून बसली. बाउक्येमावशीच्या कॅम्पिंगमधल्या याच वाटेवर आज फरशा बसणार होत्या. आजोबांची चाकांची खुर्ची वाळूत रुतायची ना! मावशीला दोष तरी कसा द्यायचा?

तिने फोन लावला. “मावशी, फरशा थांबव. वाटेवर वोलझ्वेवर आहे.”

पलीकडे ट्रक घरघरत होता. “वोलवेवर? लोकर विणणारा? हस्तकलेचा बाजार शनिवारी आहे म्हणावं. माग उचल आणि कुंपणापाशी बस, सांग त्याला.”

योरिट हसून वाळूत लोळला. “विणकर हलायला तयार नाही म्हण. बघ कशी धावत येते.”

व्हिट्स्केने तसंच कळवलं. मावशी तणतणत आली, मागून आजोबांची खुर्ची ढकलत फरशीवाला. “कुठाय तो हट्टी माणूस?”

“तुझ्या बुटापाशी.”

मावशीने वाकून पाहिलं. “या माशीपायी बाबांनी रुतून बसायचं?”

व्हिट्स्केचे डोळे भरून आले.

“पण बिळं फक्त उन्हाच्या कडेला आहेत,” योरिट अंग झटकत म्हणाला. “मी लोळलो ना, त्या सावलीच्या कडेला एकही नाही.”

आजोबांनी फोटोतल्या खिडक्या कितीतरी वेळ न्याहाळल्या. “बाउक्ये, मला खुर्चीपुरती वाट पुरे. फरशा सावलीतून टाक.”

फरशीवाल्याने आखणीची दोरी सावलीकडे सरकवली. मावशीने व्हिट्स्केच्या केसांतली वाळू झटकली. “बरं झालं, हटून बसलात. मी त्याचं घरच बुजवत होते.”

“शनिवारी मी इथेच बसणार,” आजोबा म्हणाले. “विणकर कुठाय म्हणून बाजाराला आलेले लोक विचारतील. दाखवायला कोणीतरी हवं ना.”