पाय वर घ्या

कुठलीही वस्तू वाजवून बघितल्याशिवाय मिस्त्रींना चैन पडायची नाही. तीस वर्षं लोकांच्या घरात फरश्या बसवल्यावर माणसाचा कान असाच होतो. कलिंगड सगळेच वाजवतात. मिस्त्री बँकेत रांगेत उभे असले तरी शेजारची भिंत वाजवायचे आणि नाक मुरडायचे. नीट बसलेली फरशी टणक बोलते. खाली पोकळी राहिली असेल तर घुमते. आणखी एक तिसरा आवाज असतो, तो फारसा कुणाला ठाऊक नसतो. फरशीवर कुणी उभं असताना ती वाजवली, तर आवाज दबका येतो, अर्ध्यावर गिळल्यासारखा. त्या आवाजावरून काही निदान करता येत नाही. म्हणून घरात मिस्त्रींची लाकडी हातोडी बाहेर निघाली, की सोफ्यावरच्या मायलेकींना हुकूम सुटायचा, "पाय वर घ्या!" दोघी टीव्हीवरची नजर न काढता पाय वर घ्यायच्या.

लेक चौदा वर्षांची. पाण्यातून बाहेर काढताना मारामारी व्हायची, म्हणून लहानपणापासून तिचं नाव बेडकी पडलं होतं. बापाला ती बिनधास्त अरे-तुरे करायची. परका माणूस दिसला की मात्र अहो-जाहो सुरू, आवाजही एकदम मऊ. दोन वर्षं ती तलावावरच्या क्लबात वेकबोर्ड शिकत होती. बोटीला दोरी, दोरीला बेडकी, आणि बेडकीच्या पायाखाली फळी. यंदा क्लबने आपली बोट विकून टाकली आणि घरात सुतक आल्यासारखं झालं.

"आपणच घेऊ की एक जुनी," मिस्त्री जेवताना बोलून गेले. बोलून गेले खरे, पण ते त्यांच्या मनात कधीचं होतं. आणखी तीन-चार वर्षांनी पोरगी शिकायला कुठेतरी लांब जाणार. आत्ताच ती घरातून निघताना "जाते" म्हणायला लागली होती. "जाते नाही, येते म्हणावं," ते दर वेळी दारापर्यंत जाऊन सांगायचे. तिला त्याचं हसू यायचं. त्यांना येत नसे. ती लांब जाईपर्यंत आठवड्यातला एक दिवस तरी तिघं एका बोटीवर असावेत, एवढंच त्यांना हवं होतं.

बायको चष्म्याच्या दुकानात नोकरीला, त्यामुळे बारीक अक्षर वाचायची तिला सवय. तिने चार रात्री बसून यादी केली. पंखा बोटीच्या मागे उघडा नको, पोटाखाली हवा, म्हणजे मागे पोहणाऱ्या पोरीच्या पायाला धोका नाही. दोरी उंच बांधायला लोखंडी कमान हवी. स्कीला पाणी सपाट लागतं आणि वेकबोर्डला मागे उंच लाट लागते, म्हणून दोन्ही बाजूंना पाणी भरायच्या पिशव्या हव्यात; हव्या तेव्हा भरा, नको तेव्हा रिकाम्या करा. "आणि तळातलं लाकूड कुजलेलं नको," मिस्त्री म्हणाले, "ते माझ्याकडे लागलं."

चार बोटी त्यांनी बाद केल्या. पहिलीचा तळ ओल्या गादीसारखा वाजला. दुसरीच्या मालकाने हातोडी बघूनच भांडण काढलं. तिसरी दिसायला लग्नातल्या नवरीसारखी, पण इंजिनाच्या तेलात पाणी. चौथी बरी होती, तर तिच्यात बसायची सोय चौघांची आणि वास चाळीस माशांचा.

पाचवी एका निवृत्त दातांच्या डॉक्टरांची होती. पांढरी, कडेला निळा पट्टा, आठ माणसांची. उन्हाळ्यातली सकाळ, तलाव आरशासारखा, लाकडी धक्क्याला बोट बांधलेली. डॉक्टर उंच, स्वच्छ, फार कमी बोलणारे. बोट ट्रेलरवर असतानाच मिस्त्रींनी ती बाहेरून वाजवली होती, आता आतून तळ वाजवला. या टोकापासून त्या टोकापर्यंत टणक.

"आम्हीही दात असेच वाजवून बघायचो," डॉक्टर म्हणाले.

"मग तुम्हाला कळेल. हिचा एकही दात किडलेला नाही."

डॉक्टर कसनुसं हसले. "मुलं मोठी झाली. आता पाण्यात उतरणारं कुणी नाही."

त्यांनी पेटीतून जॅकेटं काढली. बेडकीला एक, मिस्त्रींना, बायकोला, स्वतःला. मग आणखी एक काढलं आणि डावीकडच्या रिकाम्या सीटवर ठेवलं.

"एक जास्त झालं," बायको म्हणाली.

"राहू द्या," डॉक्टर म्हणाले.

"सगळे बसले?" त्यांनी चाक धरून विचारलं. मिस्त्री "हो" म्हणाले. तरी डॉक्टर क्षणभर थांबले, आणि मगच त्यांनी किल्ली फिरवली. सावध माणूस आहे, मिस्त्रींनी मनात म्हटलं. आवडलं त्यांना ते.

मिस्त्री मागे तोंड करून बसले. दोरीवरच्या माणसावर नजर ठेवायला एकाला तसं बसावंच लागतं. दोरी ताणली गेली, बेडकी पाण्यातून उठली आणि फळीवर उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद इतका उघडा होता, की मिस्त्रींनी तिथल्या तिथे बोट घ्यायची ठरवून टाकली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. वाऱ्यामुळे, असं त्यांनी बायकोला सांगितलं.

बेडकी एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जात होती. उजवीकडे तिची उडी साधी पडत होती. डावीकडे मात्र ती हातभर उंच उडत होती. दहा मिनिटांनी ती धापा टाकत बोटीशी आली.

"डावी लाट केवढी मोठी येतेय! तिकडे कोण बसलंय?"

मिस्त्रींनी पाहिलं. बायको उजवीकडे, डॉक्टर उजवीकडे चाकावर, ते स्वतः मधोमध. डावीकडे फक्त ते जॅकेट. दोन्ही पिशव्या रिकाम्या, त्यांनी स्वतः हात घालून बघितल्या होत्या. तरी बोट डावीकडे कललेली होती. हातातल्या बाटलीतल्या पाण्याची रेघ तसं सरळ सांगत होती.

"असंच असतं हिचं," डॉक्टर म्हणाले. ते पाण्याकडे बघत होते.

कललेली बोट म्हणजे एका बाजूला पाणी शिरलेलं, असा साधा हिशोब. धक्क्याला परत लागल्यावर मिस्त्रींनी पुन्हा हातोडी काढली आणि डावी बाजू गुडघ्यांवर बसून वाजवायला घेतली. टणक, टणक, टणक. मग सीटच्या पुढे एका जागी आवाज दबला.

कुजलेल्या लाकडाचा तो आवाज नव्हता. मिस्त्रींनी आजूबाजूला बारीक बारीक वाजवून त्या जागेची कड शोधली, आणि खिशातल्या खडूने आखली. वीतभरापेक्षा थोडी लांब, चार बोटं रुंद. शेजारी तशीच दुसरी. त्यांनी सवयीने म्हटलं, "पाय वर घ्या," आणि मान वर केली. समोर कुणी नव्हतं. बायको धक्क्यावर डॉक्टरांशी कागदपत्रांचं बोलत होती. बेडकी मागच्या सीटवर टॉवेल गुंडाळून बसली होती.

त्यांनी पुन्हा वाजवलं. खडूच्या दोन्ही रेघांच्या आत आवाज आता टणक होता.

आपलाच कान दमला असेल, असं त्यांना वाटलं. ते पुढे सरकले. पावलाभर अंतरावर पुन्हा दबका. त्यांनी पुन्हा आखलं. त्याच्यापुढे पावलाभर, पुन्हा. चौथी जोडी आखून त्यांनी मागे पाहिलं. खडूच्या चार जोड्या डावीकडच्या सीटपासून निघून मागच्या सीटकडे गेल्या होत्या. पहिल्या तिन्ही आता टणक वाजत होत्या. चौथी बेडकीच्या समोर होती, बोटं तिच्याकडे.

"किती वाजवशील रे?" बेडकी म्हणाली. "घेऊ या ना ही."

मिस्त्री हाताने खडू पुसत उठले. लेकीसमोर काही दाखवायचं नव्हतं. काम संपलं की ते आयुष्यभर जे करत आले तेच त्यांनी केलं. दोन्ही गुडघ्यांवर थाप मारली आणि म्हणाले, "चला!"

धक्क्यावर डॉक्टर बोलायचे थांबले.

"तुम्ही कुणाला म्हणालात?"

"अं? कुणाला असं नाही. सगळ्यांनाच."

"सगळ्यांना," डॉक्टर म्हणाले. त्यांनी बोटीकडे पाहिलं. मग मिस्त्रींकडे. कित्येक वर्षांनी दातदुखी थांबावी तसा त्यांचा चेहरा सैल पडला होता. मिस्त्री उतरताना मागे वळून बघतात, तर बोट पाण्यावर अगदी सरळ उभी होती.

परतीच्या वाटेवर मिस्त्रींनी सांगितलं, तळ भिजलेला आहे, घ्यायची नाही. आयुष्यात पहिल्यांदा ते आपल्या कानाबद्दल खोटं बोलले. बायको म्हणाली, "अहो, तुम्हीच म्हणालात ना एकही दात किडलेला नाही?" बेडकी खिडकीकडे तोंड करून बसली, आणि पुढचे तीन दिवस बापाशी बोलली नाही. मिस्त्रींना ते फार लागलं. पण पोरगी रुसली तर रुसू दे, ती त्या बोटीवर नाही एवढं पुरे, असं ते स्वतःला समजावत राहिले.

बुधवारी काम बंद होतं. दुपारी बायको दुकानात गेलेली. दाराजवळची एक तडकलेली फरशी बदलायची कधीची राहिली होती, ती मिस्त्रींनी उचकटली, नवी बसवली आणि वाजवली. छान. मग शेजारची वाजवली, सहज.

दबकी.

या घरातलं सगळं फरशीकाम त्यांनी स्वतः केलं होतं. त्यातली फरशी न् फरशी त्यांच्या ओळखीची. त्यांनी खडू न काढता नुसत्या बोटांनी कड शोधली. वीतभरापेक्षा थोडी लांब, चार बोटं रुंद. शेजारी तशीच दुसरी.

पुन्हा वाजवलं. टणक. पावलाभर पुढे दबकी. तिथेही टणक झाली, की आणखी पावलाभर पुढे. मिस्त्री गुडघ्यांवर सरकत मागोमाग गेले. उठून धावायला हवं हे त्यांना कळत होतं, पण हातोडी थांबवली तर ते कुठे आहे हेच कळणार नव्हतं. स्वयंपाकघराचं दार मागे पडलं. न्हाणीघर मागे पडलं. पावलं बेडकीच्या खोलीकडे चालली होती.

दार उघडं होतं. बेडकी पलंगावर मांडी घालून वही लिहीत होती, रुसवा अजून तसाच.

मिस्त्रींनी पलंगालगतची फरशी वाजवली.

दबकी. दोन्ही.

"पाय वर घ्या," त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"वरच आहेत की माझे," बेडकी वहीतून डोकं न काढता म्हणाली.

त्यांनी पुन्हा वाजवली. टणक, अगदी स्वच्छ.

पलंग किंचित करकरला. बेडकीच्या शेजारची गादी हळूच खाली बसली. तिची पेन्सिल घरंगळत त्या खळग्यात गेली. तिने ती न बघताच उचलली आणि लिहीत राहिली.

मिस्त्री तिथेच बसून राहिले. लेक हाताच्या अंतरावर होती. तिला ओढून घ्यावं, तर मधे कशाला धक्का लागेल, कळेना. मग बोटीवरचा तो क्षण त्यांना आठवला. गुडघ्यांवर थाप. चला. कुणाला?

आपणच आणलं. आपणच न्यायला हवं.

त्यांनी दोन्ही गुडघ्यांवर थाप मारली. आवाज नेहमीचा काढला.

"चला."

"कुठे?" बेडकी म्हणाली.

"तुला नाही गं. माझं तलावावर जरा काम आहे."

गादीचा खळगा सावकाश भरून आला.

मिस्त्री उठले. वाजवायचं धैर्य आता नव्हतं, आणि मागे बघायचंही. एकेक पाऊल मोजून ते दारापर्यंत गेले. गाडीची किल्ली खुंटीवरून काढली. पुढचं दार उघडलं, आणि स्वतः बाहेर होऊन ते तसंच उघडं धरून उभे राहिले, कुणाला पुढे होऊ द्यावं तसे. उन्हं कडक होती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

"बाबा!" आतून बेडकी ओरडली. तीन दिवसांनी पहिल्यांदा तिच्या आवाजात हसू होतं. "न सांगता निघालास? येतो म्हणावं, येतो!"

मिस्त्रींनी ओठ घट्ट मिटले. तो एक शब्द आज त्यांना उच्चारायचा नव्हता. त्यांनी दाराची कडी धरून ठेवली.

घरात क्षणभर शांतता होती.

मग आतून बेडकीचा आवाज आला, मऊ, परक्यांशी बोलतानाचा.

"हो, या."