माहेरातून उठवलेली भुलाबाई

मोबाइल ठेवा गा बाजूले. मंग रात्री झोप नाही आली, तं माह्यावर ढकलू नका. तुम्हीच मांगं लागले.

हे मनोहररावचं आहे. कोराडीच्या प्लांटमंधी आम्ही संगंच नोकरीले होतो. त्याची थोरली बहीण मैनाबाई. नवऱ्यानं टाकल्यावर जलमभर माहेरीच राहिली, बापामागं मनोहररावच्या फ्लॅटमंधी. तिच्या लहानपणी बापानं, रामाजी विणकरानं, मोडक्या मागाच्या लाकडाचं एक बाहुलीघर करून देल्लं होतं. दारं, खिडक्या, ओसरी, सगळं. दर भादव्याच्या पुनवेले ती त्यात मातीची भुलाबाई, म्हंजे माहेरी आलेली पार्वती, बसवे. महिनाभर माहेरपण झालं, का मंग कोजागिरीले तिले उठवे. बिल्डिंगमधल्या पोरी गाणे म्हणाले जमत.

मागच्या साली भुलाबाई बसलेली असतानाच मैनाबाई दवाखान्यात भरती झाली. मनोहररावले मनीषनगरच्या फ्लॅटमंधी नवा सोफा ठेवाचा होता. त्यानं बाहुलीघर एका म्युझियमले दान देल्लं. हार घातला, फोटो काढला. भुलाबाई उचलून खोक्यात टाकली. कोजागिरी अजून लांब होती.

मैनाबाई घरी आली. कोपरा पाह्यला. चिडली नाही, रडली नाही.

"माहेरवाशिणीले अर्ध्यातून काढलं गा तू? मले सांगितलं असतं, तं मी बी निघाली असती."

त्याच हप्त्यात ती गेली.

मनोहररावच्या गळ्याखाली घास उतरेना. कोजागिरीच्या संध्याकाळी तो खोकं घेऊन म्युझियमले गेला. एक रात तरी भुलाबाई आपल्या घरात बसू दे, म्हणून चौकीदाराच्या हातापाया पडला. चौकीदार म्हणे, काचेची चाबी साहेबापाशी आहे. खोकं तिथंच काचेखाली ठेवून तो परतला. घरी जावं वाटेना. रस्त्यानंच फिरत राहिला. त्याले फक्त तिची माफी पाहिजे होती.

रात्री घरी आला. लोकं गच्चीवर दूध आटवून राहिले होते. बायको पोराकडे पुण्याले. कुलपात चाबी फिरली. दार उघडेना.

आतून कडी लागली होती.

त्यानं कान लावला.

आत डब्बा वाजला. हळू... खुळखुळ...

भुलाबाईच्या खाऊचा डब्बा असाच वाजवतात. आतला खाऊ ओळखल्याबिगर उघडत नाही.

"ओळख, मनोहर." आवाज मैनाबाईचा.

"बाई... फुटाणे?"

चूप.

"शेंगदाणे?..."

चूप.

"चुकलो, बाई. मीच तुले काढलं. दार उघड."

...

डब्बा पुन्हा वाजला.

पहाटे तो माह्या दारात उभा. रात्रीचं सगळं सांगून माहा हात ओढू लागला. मीच सुतार घेऊन गेलो, दार तोडलं. कडी आतूनच होती. घरात कोणी नाही. सोफ्यावर एक स्टीलचा डब्बा, झाकण घट्ट. मी हात लावला. गरम.

मनोहरराव तो उघडत नाही, कोणाले उघडू देत नाही. रोज दिवेलागणीले त्याच्यासमोर बसते अन् एक-एक खाऊचं नाव घेते. काल गेलो होतो मी. साल होत आलं...

डब्बा अजून गरम आहे.