चुपच्या जागा

त्रेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा मुळाक्षरं गिरवायला बसले, आणि तीही पाच रेघांवर लोंबकळणाऱ्या काळ्या ठिपक्यांची. रेघेवरचा ठिपका कुठला, दोन रेघांमधला कुठला, हे डोक्यात बसेपर्यंत जीव मेटाकुटीला आला. त्यात शिकवायला महूचे चिंतामण सर. सैन्याच्या बँडमधून निवृत्त झालेले, मराठी घरातले, पण बोलणं सगळं छावणीतलं. ते कागदावर बोट ठेवून म्हणायचे, "जी!" आणि मी मान वर करून म्हणायचे, "जी सर?" इंदूरमध्ये कुणी 'जी' म्हटलं की माणूस ओ देतोच. काही रविवार त्यांनी सोसलं. मग म्हणाले, "अनुश्रीजी, मी तुम्हाला बुलवत नाहीये. सूर सांगतोय. एफ के बादवाला जी." त्या दिवशी आम्ही दोघंही पोट धरून हसलो.

सॅक्सोफोन सुजयचा होता. सुजय माझा नवरा. साध्या वाटलेल्या तापाने दोन वर्षांपूर्वी गेला. तो सरांकडेच शिकला होता, आणि मी पण शिकावं म्हणून माझ्या मागे लागला होता. दोन सॅक्सोफोननी मिळून वाजवायची एक धून त्याने आमच्यासाठी रचली होती. त्यातला दुसऱ्याचा भाग, म्हणजे माझा, त्याने नीट कागदावर उतरवून ठेवला. पहिल्याचा, म्हणजे स्वतःचा, त्याच्या डोक्यातच होता. मला एकदाही ऐकवला नाही. म्हणायचा, "आधी ऐकलंस तर मजा किरकिरी होईल. तू शिक, मग दोघं एकदमच ऐकू."

सरांनाही त्याने पहिला भाग ऐकवला नव्हता. मी पहिल्याच दिवशी विचारून घेतलं.

"दुसऱ्यावरून पहिला काढता येईल का?"

"नाही येत," सर म्हणाले. "सवालावरून जे जवाब काढतात, तेसुद्धा चुकतात. तुमच्याकडे तर नुसता जवाब आहे."

तरी मी शिकत राहिले. मला ती धून हवी होती. सुजयच्या बाकी सगळ्या गोष्टी मी एकदा तरी पाहिल्या किंवा ऐकल्या होत्या, ही एकच राहून गेली होती. तिच्यासाठी मी रविवारचा दिवस, राऊ ओलांडून महूपर्यंतचा रस्ता आणि ओठाच्या आतली सोललेली कातडी, सगळं खुशीने दिलं.

वाजवण्यापेक्षा अवघड होतं ते न वाजवणं. सुरांच्या मध्ये जिथे थांबायचं, तिथे कागदावर खुणा असतात. कुठे रेघेला लटकलेली छोटी वीट, कुठे वाकडातिकडा वेलांटीचा तुकडा. इंग्रजीत त्याला रेस्ट म्हणतात. सर म्हणायचे 'चुप'.

"चुप पण वाजवावा लागतो," ते सांगायचे. "लोक समजतात की खाली जागा आहे, रिकामी. खाली नसते ती. तिथे दुसरा वाजवत असतो. त्याची इज्जत करायची."

माझ्या कागदावर सुरांपेक्षा चुपच जास्त होते. चार मात्रा वाजवा, आठ मात्रा गप्प बसा. सुजयने मला सोपं लिहून दिलं होतं, असं आधी वाटलं. मग लक्षात आलं, त्याने स्वतःसाठी जागा ठेवली होती.

पीथमपूरच्या औषधांच्या कंपनीत मी गोळ्या तपासते. प्रत्येक गोष्टीवर शंका घ्यायचा मला पगार मिळतो. संध्याकाळी कंपनीच्या बसमधून परदेशीपुऱ्याच्या वळणावर उतरायचं, घरी येऊन कुकर लावायचा, आणि तो होईपर्यंत बाहेरच्या खोलीत बसून सराव करायचा. चुप आला की पायाने मात्रा मोजायच्या. होळीच्या सुमारास मला पूर्ण कागद न अडखळता वाजवता यायला लागला.

सरांना ऐकवला. ते बराच वेळ माझ्या पायाकडे बघत होते.

"तुम्ही मोजणं कधी सोडलं?"

"मोजते की."

"पाय हलत नाहीये तुमचा. कुणाचं तरी संपायची वाट बघता आणि मग उतरता. अशी आदत बरीच वर्षं जोडीने वाजवल्यावर लागते."

घरी येताना मी स्वतःची समजूत घातली की सरावाने मात्रा अंगात भिनतात. सायकल चालवताना कोण पॅडल मोजतं?

शेजारच्या फ्लॅटमध्ये प्रेमलताकाकू गेल्या दिवाळीनंतरच राहायला लागल्या होत्या. खांडव्याहून मुलाकडे आल्या होत्या. आमच्या बाहेरच्या खोलीला लागूनच त्यांचं स्वयंपाकघर. सुजयला त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. एकदा जिन्यात भेटल्या तेव्हा हातातली पालकाची जुडी सावरत म्हणाल्या, "दोघं मिळून भोत बढिया वाजवता गं तुम्ही. माझ्या पोळ्या करपतात ऐकता ऐकता."

"दोघं?"

"तू आणि तुझे सर. त्यांचा हात तर काय साफ आहे! तुझा अजून जरा कच्चा आहे, बुरा मानू नकोस."

सर तर महूचा बंगला सोडून कुठे जात नाहीत. भिंतीवर आदळून माझाच आवाज परत जात असेल, असं मनाशी ठरवलं. पण शंका घ्यायची सवय वाईट. दुसऱ्या दिवशी फोन चालू ठेवून वाजवलं. रेकॉर्डिंगमध्ये मी होते, पंखा होता आणि चुपच्या जागी कुकरची शिट्टी होती. तेच काकूंना ऐकवलं.

"हे तर अर्धंच आलं गं," त्या म्हणाल्या. "सरांचं कुठे गेलं? इथे, तू थांबतेस ना, तिथे ते असं घेतात..."

आणि काकू गुणगुणायला लागल्या. भजनी मंडळातला साधा आवाज, मध्येच खोकला. मला काय होतंय ते कळेना. ती चाल मी आयुष्यात ऐकलेली नव्हती, आणि ती कोणाची आहे याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. सुजय बोलताना वाक्याच्या शेवटी जरासा वर जायचा, जसं काही विचारतोय. ती चालही तशीच जात होती.

मी त्यांचं गुणगुणणं फोनवर घेतलं. घरी येऊन ते चालू केलं आणि बरोबर माझा भाग वाजवला. जिथे काकूंचा आवाज संपत होता, तिथेच माझा सूर उतरत होता. एकदाही मागेपुढे झालं नाही. मग मी सॅक्सोफोन मांडीवर आडवा घेतला आणि मोठ्याने रडले.

घाबरले का? हो, घाबरले. पण त्याहून जास्त मला राग आला. भिंतीपलीकडच्या परक्या बाईला तो रोज ऐकू येत होता, तिच्या पोळ्या करपवत होता, आणि मी त्याच खोलीत त्याच्यापासून हातभर अंतरावर बसून नुसती गप्प होते. चुप आला की मी कान फुटेपर्यंत ऐकायचे. पंखा. रस्त्यावरचा भाजीवाला. सुजय, मला का नाही रे?

काकूंना मी खरं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी गुणगुणणं बंद केलं असतं. "सरांची चाल लिहून काढायचा होमवर्क आहे," एवढंच म्हणाले. त्या वाटाणे सोलायच्या, मी समोर बसून पाच रेघांवर एकेक ठिपका मांडायचे. "नाही गं, इथे ते जरा रुकतात," असं म्हणून त्या मला दुरुस्त करायच्या. जिथे माझा भाग होता, तिथे मी पहिल्याच्या कागदावर चुप लिहीत गेले. आंब्यांचे दिवस येईपर्यंत पान भरलं.

ते सरांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून, न वाजवता, नुसतंच वाचलं. मग विचारलं, "कुठून मिळालं?"

"घरीच होतं."

त्यांनी कागद परत दिला. त्या दिवशी त्यांनी शिकवलं नाही, चहाही अर्धाच प्यायले.

सोमवारी मी कुकर लावला नाही. खिडक्या बंद केल्या, पंखा बंद केला. स्टँडवर आज पहिल्याचा कागद ठेवला.

आणि सुजयची धून मी स्वतः वाजवली.

काय सांगू किती सुंदर होती ती. खोडकर सुरुवात, मग हळूहळू उतरत जाणारी, माझ्या जागेपाशी येऊन अदबीने थांबणारी. ती माझ्या श्वासातून निघत होती. दोन वर्षांत पहिल्यांदा मला भरल्यासारखं वाटलं.

चुप आले की मी थांबत होते. तिथे दुसरा असायला हवा होता, म्हणजे मी. मी मनातल्या मनात स्वतःचा भाग म्हणत होते.

शेवट दुसऱ्याचा होता. पहिल्याला तिथे फक्त चुप. मी सॅक्सोफोन खाली न ठेवता बसून राहिले. काहीच आलं नाही. मग कागद उलटा ठेवला.

दार उघडलं तर काकू जिन्यात चपला घालत होत्या.

"आज काय झालं गं तुला?" त्या म्हणाल्या. "तब्येत बरी नव्हती का?"

"का?"

"तू वाजवलंच नाहीस. सर एकटेच वाजवत होते."

मी म्हणाले, "काकू, आज मीच होते."

"चल! मला काय कळत नाही? तुझा हात मी ओळखते. आज तू नव्हतीसच." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आवाज खाली आणला, आतल्या माणसाला ऐकू जाऊ नये तसा. "ते बिचारे दर वेळी तुझी जागा आली की थांबत होते. शेवटी तर कितीतरी वेळ थांबले. उद्या बस गं त्यांच्याबरोबर. असं ताटकळत ठेवू नये माणसाला."