हौसाबाईंचा हातठसा

दिवस भरण्याआधी जन्मलेलं बाळ आता काचेच्या पेटीत एकटं पडून राहत नाही. त्याला स्पर्शपाळण्यात ठेवतात. पाळण्याच्या आतल्या मऊ गाद्या त्याला हलकी मालिश करत राहतात. मालिशने बाळाचं वजन वाढतं, झोप लागते, जीव शांत होतो, हे जुनंच ज्ञान. मात्र यंत्राचा कोरडा दाब बाळं स्वीकारत नाहीत, म्हणून आधी एखाद्या माणसाच्या हाताची नोंद घ्यावी लागते. दाब, ऊब, वेग, बोट कुठे थबकतं, सगळं त्यात येतं. या नोंदीला हातठसा म्हणतात.

सावनीची मुलगी फारच लवकर जन्मली. डॉ. देवस्थळी बाई म्हणाल्या, "हातठसा शक्यतो आईचा घेऊ या."

हा 'शक्यतो' भारी घातकी शब्द आहे. डॉक्टरांच्या तोंडून निघतो तेव्हा त्याचा अर्थ 'करा' असा असतो. आपल्या कानात शिरेपर्यंत त्याचं 'नाही केलं तरी चालेल' झालेलं असतं.

"अगं, तुझेच हात थरथरतायत," सासूबाई म्हणाल्या. "हौसाबाईंचा घेऊ. आमच्या मल्हारला त्यांनीच तेल लावून न्हाऊ घातलं. गुण आहे बाईच्या हाताला!"

सावनीला ते मनापासून पटलं. लेक जगावी, एवढंच तिला हवं होतं. हौसाबाई आल्या, दवाखान्यातल्या ठसा टिपणाऱ्या बाहुलीला त्यांनी मन लावून मालिश केली आणि पाळण्याला हात जोडून गेल्या.

लेक जगली. चांगली बाळसं धरून घरी आली. सावनीने कोमट तेल घेतलं, पाय पसरून तिला पायांवर आडवं घेतलं आणि पाठीवरून हात फिरवला. लेक ताठ झाली. रडलीसुद्धा नाही, नुसती दुसरीकडे बघत राहिली. कडेवर घेतलं तरी तेच, छातीशी धरलं तरी तेच. हळूहळू तिचं दूध पिणं कमी झालं आणि कमावलेलं वजन उतरू लागलं. घाबरलेली सावनी तिला घेऊन डॉक्टरांकडे गेली.

"त्वचेत दोन प्रकारच्या नसा असतात," डॉक्टर सांगू लागल्या. "काही झटपट काम करतात. चटका बसला, टोचलं, की लगेच कळवतात. काही सावकाश असतात. त्यांना फक्त कुरवाळणं कळतं, आणि ते थेट भावनांपर्यंत पोचतं. या सावकाश नसा सुरुवातीच्या दिवसांत एक हात ओळखायला शिकतात, असं आता दिसतंय. पाळण्यात तो हात सतत मिळतो, म्हणून ओळख फार पक्की होते. मग तोच हात माया म्हणून पोचतो. बाकीचे हात कापड अंगाला लागावं तसे."

"म्हणजे मी कापड?"

डॉक्टरांनी बाळाचं दुपटं सारखं केलं.

"तुम्हाला हे माहीत होतं?"

"नाही हो. माहीत असतं तर 'शक्यतो' कशाला म्हटलं असतं?"

"मग पुन्हा ठेवा पाळण्यात. आता माझा ठसा घ्या. माझे हात आता थरथरत नाहीत, बघा ना."

"शिकायचा काळ संपला, सावनी. दुसरा हात आता रुजत नाही. आम्ही इतर बाळांवर करून पाहिलं."

"हौसाबाईंना बोलावते मग."

"किती दिवस बोलावणार?" डॉक्टरांनी कपाटातून कातडीच्या रंगाचा एक हातमोजा काढला. "यात हौसाबाईंचा ठसा भरलाय. हा घालून घेत जा तिला. निदान पोटभर पिईल तरी."

घरी आल्यावर सावनीने मोजा चढवला आणि लेकीच्या पाठीवरून हात फिरवला. लेकीचं अंग सैल पडलं. तिने मान वळवून सावनीकडे पाहिलं आणि बोळकं पसरून ती हसली, जन्मात पहिल्यांदा. जाड मोज्याच्या आत सावनीच्या हाताला मात्र काहीच लागत नव्हतं. ना तिची ऊब, ना तिचा मऊपणा. तिने मोजा काढून बघितला. हसू गेलं. तिने तो घाईघाईने परत चढवला.

मल्हार स्वयंपाकघरातून धावत आला. त्याला मोज्याचं सगळं ठाऊक होतं, पण आनंदात माणसाला भान राहत नाही.

"अगं, हसली! बघ, ओळखलं तिने आईला!"

"हो," सावनी म्हणाली.

लेक भुकेने दूध शोधत तोंड वळवू लागली होती. सावनीने तिला मोजा न काढता छातीशी घेतलं.